आत्यांच्या हिरड्या

"मॅडम, तुमच्या सासूबाई म्हणतायत, दुसऱ्या कुणालाही पाठवा, पण सून नको," सिस्टर लोखंडेंनी मला दारातच अडवून सांगितलं.

मी तेव्हा पीपीईच्या पायजम्यात दुसरा पाय घालत होते. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला असं काही सांगू नये. मी भिंतीला हात टेकला.

"म्हणजे? का नको?"

"ते नाही सांगत. तोंडावर हात धरून बसल्यात आणि मान हलवतायत. ऑक्सिजनचा मास्कसुद्धा हातानं घट्ट दाबून धरलाय."

मला राग आला. आज सांगायला लाज वाटते, पण काळजीच्या आधी राग आला. सतरा वर्षं ज्या घरात मी भाकऱ्या थापल्या नाहीत, पण भाकऱ्या थापणारीला पगार दिला, त्या घरातल्या बाईनं सगळ्या वॉर्डासमोर माझं नाक कापावं, हे मला झोंबलं.

ही गोष्ट दोन हजार वीसच्या सप्टेंबरातली. आमच्या तालुक्याचं कोविड सेंटर मुलींच्या वसतिगृहात होतं. मी दातांची डॉक्टर. मार्चपासून माझा दवाखाना बंद, कारण आमची मशिनं तोंडातलं पाणी हवेत उडवतात आणि त्या दिवसांत लोकांना नुसत्या खोकल्याचीसुद्धा धडकी भरायची. मग तालुका आरोग्य कार्यालयातून फोन आला, की घशातले नमुने घ्यायला माणसं कमी आहेत, तुम्ही दातवाली मंडळी या. "लोकांना आ करायला लावायची सवय आहे तुम्हाला," फोनवरचे साहेब म्हणाले होते. एरवी आम्हाला अर्धेच डॉक्टर समजणारे लोक तेव्हा एकदम मॅडम मॅडम करायला लागले होते.

तर त्या सोमवारी आमच्याच घरातले दोन नमुने पॉझिटिव्ह निघाले. उत्तम, म्हणजे माझा नवरा, शाळेत विज्ञान शिकवतो. त्याला नुसती कणकण होती, म्हणून तो वरच्या खोलीत बंद झाला. आत्यांना मात्र धाप लागली आणि त्या इथे आल्या. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. वय सहासष्ट, नाव शालन, आणि मधुमेह दहा वर्षांचा.

पहिले दोन दिवस मी नमुन्यांच्या खिडकीत होते, वॉर्डात गेलेच नाही. बुधवारी सकाळी सेंटरचे मुख्य डॉक्टर मुलाणी यांनी मला जिन्याखाली बोलावलं. माणूस अतिशय सज्जन, पण सहा महिन्यांत इतका वाळला होता की घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत जायचं.

"खराडे मॅडम, सासूबाईंचं चिन्ह बरं नाही. आठ लिटर ऑक्सिजनवर अठ्ठ्याऐंशी. साखर तीनशे चाळीस. स्टिरॉइडमुळे वाढणार हे मान्य, पण इन्सुलिन देतोय तरी हलत नाही. शिवाय जेवत नाहीत. उद्या-परवापर्यंत असंच राहिलं तर जिल्ह्याला हलवायचं. तिथे व्हेंटिलेटर आहे."

जिल्हा हा शब्द आत्यांसमोर काढायची सोय नव्हती. आमच्या गल्लीतले सर्जेराव ऑगस्टात तिकडे गेले होते आणि परत फक्त त्यांचा मोबाइल आला होता. आत्यांनी ॲम्ब्युलन्समध्ये चढतानाच उत्तमला बजावलं होतं, "मला लांब न्हेऊ नगा. मरायचं तर हितंच."

"जेवत का नाहीत?" मी विचारलं.

सिस्टर लोखंडे मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चावता येत नाही वाटतं. उजवा गाल सुजलाय. आणि उशीवर रोज रक्ताचे डाग असतात, लाळेबरोबर आलेले."

मी मुलाणींकडे पाहिलं. "सर, कुणी तोंड उघडून बघितलंय का त्यांचं?"

"मॅडम, चाळीस पेशंट आहेत आणि डॉक्टर आम्ही दोघं. फुप्फुसं बघू की हिरड्या?"

"हिरड्यांत पू असेल तर साखर उतरायची नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि झोपलेलं माणूस तोंडातली घाण श्वासाबरोबर आत ओढतं. ती जाते कुठं? तुमच्या फुप्फुसातच."

त्यांनी घड्याळ मनगटावर ओढलं. मग म्हणाले, "मशिन चालवायचं नाही."

"नुसता हात आणि गॉझ."

"नाकातल्या नळीवर घ्या त्यांना. दोन दोन मिनिटं. पंच्याऐंशीच्या खाली गेलं की तोंडावर मास्क. शेजारी उभं राहायला मी सिस्टरना सांगतो."

अशी सगळी तयारी करून मी पायजम्यात पाय घालत होते, आणि पेशंट म्हणत होता, सून नको.

खरं सांगायचं तर त्यात नवीन काही नव्हतं. सतरा वर्षांत मी आत्यांचे दात पाहिले नव्हते. तालुक्यातल्या निम्म्या लोकांच्या दाढा मला चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीच्या, पण घरातल्या बाईचे दात मला माहीत नव्हते. माझ्याशी बोलताना त्या पदर तोंडापुढे धरायच्या. हसायच्या तेव्हा मान फिरवायच्या. माझ्याबरोबर कधी जेवायला बसल्या नाहीत. सगळ्यांचं झालं की पाठमोऱ्या बसून जेवायच्या. दवाखाना काढला तेव्हा मी म्हटलं होतं, आत्या, पहिल्या खुर्चीत तुम्ही बसा. "मला काय धाड भरलीय," म्हणून त्या देवळात निघून गेल्या. मी मनाशी धरून ठेवलं होतं, की यांना माझं शिक्षण टोचतं. सुनेपुढं तोंड उघडायचं म्हणजे यांचा पाटीलकीचा तोरा जातो. माझं मत एकदा झालं की ते हलत नाही, हा माझा गुण समजा की दुर्गुण.

"मॅडम, मग काय करायचं?" सिस्टर लोखंडेंनी विचारलं.

पीपीई घातलेली माणसं सगळी सारखीच दिसतात, म्हणून आम्ही छातीवर आणि पाठीवर मार्करनं नावं लिहायचो. मार्कर सिस्टरांच्या हातात होता. मी म्हटलं, "माझं नाव लिहू नका. लिहा, डॉक्टर गावंडे."

"कोण गावंडे?"

"माझी कॉलेजातली रूममेट. अकोल्याची आहे. तिची काही हरकत नसेल."

सिस्टर हसल्या आणि त्यांनी लिहिलं. दोन मास्क, गॉगल आणि वरून काचेसारखी ढाल. आरशात मीच मला ओळखू आले नसते. आवाज तर बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. राहिली भाषा. गावंडेबरोबर मी चार वर्षं काढली होती, तिची नक्कल करून मी हॉस्टेलला हसवलेलं होतं.

आत्या खिडकीखालच्या खाटेवर होत्या. दोन दिवसांत केवढ्याशा झाल्या होत्या. मी जवळ गेले तसे त्यांचे डोळे आधी माझ्या छातीवरच्या अक्षरांवर गेले. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईसारखं त्यांनी ते सावकाश वाचलं. मग खांदे सैल पडले.

"काकू, मी दातांची डॉक्टर हाओ. दुखून राह्यलं का?"

त्यांनी मास्कच्या आतून मान हलवली आणि उजव्या गालाला हात लावला.

"बघू बरं. नळी नाकात देतो, मास्क बाजूला घेतो. श्वास लागला तर हात वर करजा. काही होत नाही जी."

आणि आत्यांनी, माझ्या आत्यांनी, तोंड उघडलं.

मी अठरा वर्षं तोंडं बघत होते, तरी क्षणभर माझे हात थांबले. हिरड्या सुजून काळपट जांभळ्या. वरचे पुढचे दात मुळांपर्यंत उघडे. खाली उजवीकडे दाढेच्या बाजूला टचटचीत गळू. बोट लावलं की दातांच्या कडेनं पू वर येत होता. हे दोन दिवसांचं दुखणं नव्हतं, वीस वर्षांचं होतं. आणि मी त्याच घरात राहत होते, त्यांच्या चुलीपासून दहा पावलांवर.

मी काम सुरू केलं. औषधात भिजवलेला गॉझ बोटाला गुंडाळायचा, हिरड्या दाबत पुसत जायचं, टाकायचा, दुसरा घ्यायचा. दोन मिनिटं झाली की मास्क. सिस्टर आकडा सांगायच्या. "सत्याऐंशी. शहाऐंशी. मॅडम, मास्क." असं चार वेळा. गळू फुटलं तेव्हा आत्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी तोंड मिटलं नाही.

"झालं काकू. आजच्यापुरतं झालं."

मास्क परत लावल्यावर त्या बराच वेळ श्वास गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई हलका हात हाय गं बाई तुजा. कुटली तू?"

"अकोल्याची."

"येवड्या लांबनं आलीस? आई-बा हायत न्हवं?"

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लग्न झालंय का विचारलं. माझ्या तोंडून नाही निघून गेलं. हे फार महागात पडलं, कारण आठ लिटर ऑक्सिजनवर असलेल्या त्या बाईनं तिथल्या तिथे माझ्यासाठी एक स्थळ काढलं. त्यांच्या माहेरचा मुलगा, कृषी खात्यात, तिशी उलटलेला, पण निर्व्यसनी. "तुमच्यात चालंल का आमच्यातला?" त्यांनी विचारलं. सिस्टर लोखंडे ट्रे घेऊन भिंतीकडे वळल्या, त्यांचे खांदे हलत होते.

हे मात्र मला नवीन होतं. या आत्या मला माहीत नव्हत्या. घरात त्या माझ्याशी 'मीठ आणाय पायजे' आणि 'गॅस संपलाय' एवढंच बोलायच्या. इथे त्या गावंडे डॉक्टरशी मोजक्या श्वासांत माहेरच्या विहिरीपासून उत्तमच्या गोवरापर्यंत सगळं बोलत होत्या. मी गॉझ फिरवत ऐकत होते आणि मधूनमधून मला गावंडेचा हेवा वाटत होता.

मिश्रीवरून आमचं थोडं वाजलं. मिश्री म्हणजे तव्यावर काळी भाजलेली तंबाखू. आमच्याकडच्या बायका सकाळी ती दातांना लावून बसतात. पुरुषांसमोर कुणी तिचं नाव काढत नाही, पण घराघरात डबी असते.

"मिश्रीनं दात घट्ट ऱ्हात्यात," आत्या म्हणाल्या. "ब्रश केला की रगात यायचं, म्हणून ब्रश सोडला आन् मिश्री धरली. कवा रगात न्हाई. आता हितं चार दिस मिश्री न्हाई, तर बघ कसं सुटलंय."

"काकू, तंबाखूनं रक्त अडवून धरलं होतं. आतलं सडणं नाही थांबवलं तिनं. रक्त येऊन राह्यलं म्हणजे हिरडी ओरडून राह्यली. तुम्ही तिचं तोंड दाबलं."

त्या विचारात पडल्या. "मंजी वीस वरसं मी उलटंच करत हुते?"

"हो."

"आसं कुनी सांगितलंच न्हाई," त्या म्हणाल्या. मी गॉझ बदलला.

शुक्रवारी साखर दोनशे नव्वद झाली, शनिवारी दोनशे तीस. ऑक्सिजन सहा लिटरवर आला. आत्या पातळ पिठलं आणि भात खायला लागल्या. मुलाणींनी जिल्ह्याचा बेड अजून अडवून ठेवला होता, पण रोज संध्याकाळी ते तिकडे फोन करून 'अजून एक दिवस' म्हणायचे. मी लगेच हिरड्यांचं श्रेय घ्यायला निघाले, तर ते म्हणाले, "मॅडम, इंजेक्शन चालू आहे, पालथं झोपवतोय, तोंडातला पू गेला, जेवतायत. कशानं उतरलं ते अल्लाला माहीत. पण तुम्ही थांबू नका."

पुढे वर्षभरानं मी बाहेरच्या देशांतले अभ्यास वाचले. हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांना हा ताप जास्त जड गेला, असं त्यांत होतं. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीनं दुसरी झाली असं नाही, हेही त्यांतच होतं. तेव्हा यातलं काही माझ्या हाताशी नव्हतं. एक सुजलेला गाल होता आणि थोडा राग होता.

रविवार हा पाचवा दिवस. खालच्या उजव्या दाढेची मुळं पार सुटली होती, ती आता चिमट्यानं नुसती उचलायची बाकी होती. ती तिथे होती तोवर पू पुन्हा पुन्हा भरणार होता. मी ठरवलं, सोमवारी काढायची. त्या दिवशी नुसती सफाई केली आणि मास्क लावताना, कशी कुणास ठाऊक, माझ्या मनातली गोष्ट तोंडावर आली.

"काकू, तुमची सून दातांची डॉक्टर आहे म्हणतात. तिला का नाही दाखवलं इतके दिवस?"

सिस्टर लोखंडेंनी माझ्याकडे मोठे डोळे करून पाहिलं. आत्या छताकडे बघत होत्या.

"लगीन हून पंधराएक दिस झालं आसतील," त्या म्हणाल्या. दोन-तीन शब्द, मग श्वास, असं त्या बोलत होत्या. "मी सैपाकघराच्या मागं, सरपनापाशी हुते. तिला ठावं न्हाई. उत्तम च्या पीत बसल्याला. ती त्येला म्हणली, तुझ्या आईशी बोलायचं मंजी श्वास धरून बोलावं लागतं. आन् हसली."

मी वापरलेला गॉझ ट्रेमध्ये टाकला.

"हसली ती हसली. परक्याची पोर, नवी नवी. पर त्यो बी हसला गं. माझा ल्योक."

"मग तुम्ही..."

"मग काय. तवापासनं पदर धरते. वास तिला येऊ ने, न् तिनं हसू ने." त्यांनी डोळे मिटले. "वंगाळ न्हाई ती. लई हुशार हाय. बोलायला जरा फटकळ. पर त्या दिसापासनं माझं त्वांडच मिटलं तिच्यापुढं."

मी "बरं काकू, आराम करा" म्हणाले. अकोल्याची भाषा त्या वेळी सापडली नाही, नुसतंच म्हणाले.

पीपीईच्या आत रडण्यासारखी गैरसोय दुसरी नाही. गॉगल धुकटतो, नाक पुसता येत नाही, आणि तो पोशाख उतरवायला अकरा टप्प्यांची यादी भिंतीवर लावलेली असते. मी ती सगळी पाळत, हात चार वेळा धूत, बाहेर आले आणि नळापाशी बसून राहिले.

ते वाक्य मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. आठवलं असतं तर निदान कुठल्या खोलीत बोलले, का बोलले, असं काही सांगता आलं असतं. पण वाक्य माझंच होतं, यात तिळमात्र शंका नाही. अशी वाक्यं मीच बोलते. नुकतं शिक्षण संपवून आलेली, पायोरिया वासानं ओळखते म्हणून स्वतःवर खूष असलेली बावीस-तेवीस वर्षांची मी, नवऱ्याला हसवायला तेच बोलले असणार. आणि सतरा वर्षं मी त्या पदराला तोरा म्हणत आले.

घरी जाऊन दारातून उत्तमला हाक मारली. तो वरच्या खिडकीत आला. मी खाली अंगणातून विचारलं, "लग्न झाल्यावर मी आत्यांच्या तोंडाच्या वासाबद्दल काही बोलले होते का?"

तो जरा वेळ आठवत राहिला. "बोलली असशील. का?"

"तू हसला होतास का?"

"वृषाली, मला खरंच आठवत नाही गं." मग त्याचा चेहरा बदलला. "आईनं ऐकलं होतं का?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यानं खिडकीचा गज धरला आणि तो तसाच उभा राहिला.

सोमवारी सकाळी सिस्टर लोखंडेंनी नेहमीप्रमाणे मार्कर काढला आणि माझ्या छातीवर 'गा' लिहायला सुरुवात करणार, तोच मी त्यांचा हात धरला.

"आज खराडे लिहा. वृषाली खराडे. पूर्ण."

"मॅडम, आज नको. दाढ काढायची आहे ना? त्यांनी तोंडच उघडलं नाही तर?"

मुलाणीसुद्धा आले. "खराडे मॅडम, कबुलीजबाब घरी गेल्यावर द्या. आज मला ती दाढ बाहेर हवीय. साखर परत दोनशे साठ झाली आहे. दुपारी मला जिल्ह्याला कळवायचंय, हो किंवा नाही."

"सर, त्यांनी काल मला जे सांगितलं, ते मला सांगितलेलं नव्हतं. गावंडेला सांगितलं होतं. ते ऐकल्यावर मी खोट्या नावानं त्यांच्या तोंडात बोट कसं घालू?"

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर तुम्ही काढा दाढ."

"मी?" मुलाणी दोन पावलं मागे सरले. "मॅडम, मी माझ्या मुलीचा हलता दातसुद्धा बायकोकडून काढून घेतला."

मी हसले नाही. भीती मलाही होती. माझं मन हलकं करायला मी त्यांचा जीव पणाला लावतेय का, हा प्रश्न वॉर्डाच्या दारापर्यंत माझ्याबरोबर आला. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आजही देता येत नाही. पण पाय मागे घेतला नाही.

आत्या उठून बसल्या होत्या. "आली का माझी अकोल्याची," त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर छातीवर गेली. ओठ हलले. वृ. षा. ली. मग आडनाव. तिथे त्या थांबल्या, कारण ते त्यांचंही होतं.

त्यांचा हात मास्कवर गेला.

"पाच दिस तूच हुतीस?"

"हो, आत्या."

"आन् काल?"

"कालही मीच."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी बुडबुडत होतं. सिस्टर ट्रे धरून उभ्या होत्या आणि दाराशी मुलाणी घड्याळ कोपरापासून मनगटापर्यंत आणत होते.

"आत्या, चुकलं माझं," मी म्हणाले. एवढंच. त्यापुढे जे जे ठरवून गेले होते, लहान होते, अक्कल नव्हती, ते सगळं मला फुकटचं वाटलं. "माझं चुकलं. उत्तमचंही."

त्या भिंतीशीच बोलल्या. "वासाचं काय खोटं न्हवतं."

"तरीपण."

"तरीपन काय? खरं हुतं ते खरं हुतं. पर तू उत्तमला सांगितलंस." आता त्या वळल्या. डोळे कोरडे होते, पण रागानं तांबडे. "त्यो काय करनार हुता गं? त्यो मास्तर. तू डॉक्टरीन. मला सांगायचं हुतंस. मी चार दिस तोंड पाडून बसले आसते. दोन शिव्या बी घातल्या आसत्या तुला. पाचव्या दिशी तुझ्या खुर्चीत येऊन बसले आसते का न्हाई?"

"बसला असता."

"सतरा वरसं मी पदर धरला, न् तुला इचारावं वाटलं न्हाई, आत्या, का धरता?"

मला खरंच कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

त्यानंतरच्या आठव्या दिवशी आत्या घरी आल्या. आज त्या एकाहत्तर-बाहत्तरच्या आहेत. तोंडात स्वतःचे अकरा दात उरलेत, बाकीचे मी बसवलेले आहेत आणि त्यांची कुरकूर त्या सगळ्या गल्लीला ऐकवतात. गल्लीतल्या बायकांच्या मिश्रीच्या डब्यांवर त्यांची पाळत असते. अकोल्याच्या गावंडेला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, कृषी खात्यातला कसा होता दिसायला? पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी हातात चिमटा घेऊन उभी होते आणि दुपारी जिल्ह्याला फोन जायचा होता.

"आता मला एक सांग," आत्या म्हणाल्या. "माझ्या त्वांडाकडं बघून सांग. त्येला न्हाई, सिस्टरला न्हाई. मला."

"काय?"

"आजून येतो का वास?"

दोन मास्कमधून काही कळत नाही, असं मला म्हणता आलं असतं, आणि ते जवळजवळ खरं होतं. नाही, असंही म्हणता आलं असतं. वॉर्डातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला मी तेच म्हणाले असते.

"येतो, आत्या," मी म्हणाले. "पण पहिल्या दिवशीपेक्षा कमी आहे. ही दाढ काढली की आणखी कमी होईल."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, गॉगलच्या आत. मग मास्कची दोरी स्वतःच कानामागून सोडवली.

"मग बघत काय उभी ऱ्हायलीस," त्या म्हणाल्या. "काढ की."